स्लायडर नीट कसा बसवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लायडर म्हणजे पट्टीवरचं हँडल ओढून आकडा निवडायचं साधन. हे पान मुख्यतः क्यूटी विजेट्सच्या स्लायडरबद्दल आहे; क्यूटी हे खिडक्या, बटणं वगैरे बनवायचं टूलकिट, म्हणजे तयार कोडचा संच. टीकेइंटर, जीटीके, स्विंग, डब्ल्यूपीएफ अशी दुसरी टूलकिटं किंवा वेबचं रेंज इनपुट जिथे वेगळं वागतं, तिथे तसं सांगितलं आहे. फंक्शन आणि सिग्नल (काही बदललं की स्लायडर देतो ती सूचना) यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. शब्द सुटे कळावेत म्हणून मध्ये जोडरेघ टाकली आहे, कोडमध्ये ती नसते.

१. स्लायडर टाकला, पण तो ९९ च्या पुढे जातच नाही. कुठे चुकतंय?

चूक नाही, ती क्यूटीची मूळ रेंज आहे: ० ते ९९. सेट-रेंज मध्ये ० आणि १०० दिलं की काम झालं. प्रत्येक टूलकिटची मूळ रेंज वेगळी असते. टीकेइंटरचा साधा स्केल ० ते १०० असतो, पण त्याच्याच टीटीके आवृत्तीतला स्केल ० ते १. वेब आणि स्विंगमध्ये ० ते १०० आणि सुरुवात ५० वर. जावाएफएक्समध्येही ० ते १००, पण सुरुवात ० वर. विंडोज फॉर्म्सचा ट्रॅकबार आणि डब्ल्यूपीएफचा स्लायडर ० ते १०. क्यूटी क्विकमध्ये ०.० ते १.०. त्यामुळे एका टूलकिटमधला कोड दुसऱ्यात नेताना किमान आणि कमाल नेहमी स्वतः लिहा, मूळ रेंजवर विसंबू नका.

२. सुरुवातीचं मूल्य ५०० दिलंय, कमाल १००० आहे, तरी उघडताना ९९ च दिसतं.

ओळींचा क्रम उलटा आहे. सेट-व्हॅल्यू आधी आणि सेट-रेंज नंतर लिहिलं, तर ५०० आलं त्या क्षणी रेंज अजून ०–९९ होती. क्यूटीने ५०० ला गुपचूप ९९ वर आणलं. नंतर रेंज वाढवली तरी ते हरवलेलं ५०० परत येत नाही. आधी रेंज, मग पायऱ्या, मग मूल्य आणि सर्वांत शेवटी सिग्नल जोडणं, असा क्रम ठेवा. सिग्नल शेवटी जोडायचं कारण असं की रेंज बदलताना मूल्य कापलं गेलं तर व्हॅल्यू-चेंज्ड तिथेच सुटतो आणि अर्धवट तयार झालेल्या खिडकीत तुमचा हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) चालतो.

वेबवर स्क्रिप्टमधून मूल्य आणि कमाल बदलतानाही हेच होतं. विंडोज फॉर्म्स मात्र गप्प बसत नाही, रेंजबाहेरचं मूल्य दिलं की सरळ एक्सेप्शन फेकतो. आमच्या मते तेच बरं, निदान चूक लगेच कळते.

३. आडवा स्लायडर हवा होता, उभा आला.

दिशा न सांगता बनवलेला क्यूटीचा स्लायडर उभाच असतो, टीकेइंटरचा स्केलही. बनवतानाच हॉरिझाँटल द्या.

४. सिंगल स्टेप ५ ठेवली, तरी माऊसने ओढल्यावर १३, १७ असे आकडे येतात.

सिंगल स्टेप फक्त बाणाच्या कळा आणि माऊसच्या चाकासाठी असते, ओढण्याशी तिचा संबंध नाही. ओढताना क्यूटी प्रत्येक पूर्णांकावर थांबू शकतो.

खात्रीचा उपाय म्हणजे स्लायडरला पायऱ्यांचीच रेंज देणं. ० ते १०० मध्ये ५ ची पायरी हवी असेल तर रेंज ० ते २० ठेवा, सिंगल स्टेप १ ठेवा आणि वाचताना ५ ने गुणा. मग चुकीचा आकडा येण्याची सोयच उरत नाही. काही जण हँडलरमध्ये जवळच्या पाचाला गोल करून परत सेट-व्हॅल्यू करतात. चालतं, पण ओढताना हँडल हाताखाली गचके खातं आणि सिग्नल दुप्पट सुटतात.

टीकेइंटरच्या साध्या स्केलमध्ये रेझोल्यूशन ५ दिलं की ओढतानाही ते पाळलं जातं. टीटीके स्केलमध्ये रेझोल्यूशन हा पर्यायच नाही. क्यूटी क्विकमध्ये स्टेप-साइजबरोबर स्नॅप-मोडला स्नॅप-ऑल्वेज द्यावं लागतं. डब्ल्यूपीएफमध्ये टिक-फ्रीक्वेन्सी आणि इज-स्नॅप-टू-टिक-एनेबल्ड ही जोडी लागते.

५. ०.० ते २.० मधली दशांश मूल्यं हवी आहेत, पण क्यूटीचा स्लायडर पूर्णांकच घेतो.

पायरी आधी ठरवा. ०.१ ची पायरी असेल तर २.० पर्यंत २० पायऱ्या होतात, म्हणून रेंज ० ते २०. वाचताना जागेचा आकडा १० ने भागा. उलट दिशेने जाताना जपा: ०.३ ला ०.१ ने भागलं की संगणकाच्या हिशेबात ३ येत नाही, २.९९९९९९९९९९९९९९९६ येतं. त्याचा थेट पूर्णांक केला तर २ मिळतो आणि स्लायडर एक पायरी मागे सरकतो. आधी राउंड, मग पूर्णांक.

जीटीकेचा स्केल दशांश घेतो, पण त्यात एक छुपी गोष्ट आहे. सेट-डिजिट्स नुसतं दाखवण्यापुरतं नसतं, प्रत्यक्ष मूल्यही तेवढ्या स्थळांना गोल केलं जातं, पण ड्रॉ-व्हॅल्यू चालू असेल तरच. दिसायला बरं म्हणून कोणी आकडा लपवला की गोल करणंही थांबतं आणि लांबलचक अपूर्णांक येऊ लागतात.

६. टीकेइंटरमध्ये कमांडला आलेलं मूल्य इंट मध्ये टाकलं की व्हॅल्यू-एरर येतो.

कमांडला येणारं मूल्य ही स्ट्रिंग असते, उदाहरणार्थ "४२.७". पायथॉन अशा स्ट्रिंगचा थेट इंट करत नाही. आधी फ्लोट, मग राउंड.

७. पट्टीवर क्लिक केलं तर हँडल तिथे न जाता टप्प्याटप्प्याने सरकतं.

तो पेज स्टेपचा टप्पा आहे, क्यूटीत मूळचा १०. क्लिक केलेल्या जागी थेट उडी हवी असेल, तर क्यू-प्रॉक्सी-स्टाइलचा उपवर्ग करा, स्टाइल-हिंट फंक्शनमध्ये एसएच-स्लायडर-अ‍ॅब्सोल्यूट-सेट-बटन्स या प्रश्नाला डावं बटण हे उत्तर द्या आणि ती स्टाइल स्लायडरला लावा. विजेटला लावलेल्या स्टाइलची मालकी विजेट घेत नाही. पायथॉनमध्ये ती नुसती सेट-स्टाइलच्या कंसात बनवून सोडली तर कचरा-सफाईत उडते आणि अ‍ॅप कोसळू शकतं. स्टाइल एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा.

टीकेइंटरच्या साध्या स्केलमध्ये हीच उडी माऊसच्या मधल्या बटणावर आधीपासून असते. डब्ल्यूपीएफमध्ये इज-मूव्ह-टू-पॉइंट-एनेबल्ड चालू करा.

८. व्हॅल्यू-चेंज्ड, स्लायडर-मूव्ह्ड, स्लायडर-रिलीज्ड: नक्की कोणता पकडायचा?

जवळजवळ नेहमी व्हॅल्यू-चेंज्ड. मूल्य कोणत्याही मार्गाने बदलो, ओढून, कळांनी, चाकाने किंवा कोडमधून, तो येतोच. स्लायडर-मूव्ह्ड फक्त ओढताना येतो. स्लायडर-रिलीज्ड हँडल सोडल्यावर येतो.

फसगत होते ती तिसऱ्यात. "सोडल्यावरच सेव्ह करू" म्हणून फक्त स्लायडर-रिलीज्ड जोडला, तर बाणाच्या कळांनी केलेला बदल सेव्हच होत नाही, कारण कळ दाबण्यात हँडल पकडणं आणि सोडणं घडतच नाही. माऊस वापरणाऱ्याला हे कधी कळत नाही, कळफलक वापरणारा मात्र वैतागतो. त्याऐवजी सेट-ट्रॅकिंगला फॉल्स द्या. मग ओढताना व्हॅल्यू-चेंज्ड थांबून राहतो आणि सोडल्यावर एकदाच येतो, कळा आणि चाक यांच्यासाठी मात्र लगेच येतो. ओढताना शेजारचा आकडा बदलता ठेवायचा असेल तर लेबल स्लायडर-मूव्ह्डला जोडा, तो ट्रॅकिंग बंद असतानाही येत राहतो.

वेबवर इनपुट इव्हेंट सतत येतो आणि चेंज इव्हेंट शेवटी. स्विंगमध्ये इव्हेंट एकच असतो; त्यात गेट-व्हॅल्यू-इज-अ‍ॅडजस्टिंग विचारून हात अजून हँडलवर आहे का ते पाहायचं.

९. ओढताना अ‍ॅप अडकतं. प्रत्येक बदलाला चित्र नव्याने काढायचं आहे.

एक सिंगल-शॉट (एकदाच वाजणारा) टायमर ठेवा, १५० मिलिसेकंदांचा. व्हॅल्यू-चेंज्डमध्ये फक्त दोन कामं करा: लेबलचा आकडा बदला आणि टायमरचं स्टार्ट बोलवा. चालू टायमरवर स्टार्ट बोलवलं की तो पुन्हा शून्यापासून मोजतो, त्यामुळे हात १५० मिलिसेकंद थांबला की मगच जड काम एकदा होतं. १०० च्या खाली गेलात तर हळू ओढणाऱ्याचं अडकणं तसंच राहतं, ३०० च्या वर गेलात तर अ‍ॅप सुस्त वाटतं.

जड काम दुसऱ्या थ्रेडवर असेल तर प्रत्येक मागणीला वाढता क्रमांक द्या आणि शेवटच्या क्रमांकाचाच निकाल दाखवा. नाहीतर उशिरा आलेलं जुनं चित्र नव्यावर बसतं.

१०. कोडमधून मूल्य बदललं तरी हँडलर चालतो. तो कसा थांबवू?

क्यूटीत क्यू-सिग्नल-ब्लॉकर हा त्या स्लायडरचे सगळे सिग्नल तेवढ्यापुरते दाबतो. "सगळे" हा शब्द महत्त्वाचा: त्याच स्लायडरला जोडलेलं लेबलही जुनाच आकडा दाखवत राहील, ते तुम्हाला हाताने बदलावं लागेल.

टीकेइंटरच्या साध्या स्केलमध्ये नेहमीची झेंड्याची (बदल कोडमधून होतोय हे सांगणाऱ्या ट्रू/फॉल्स व्हेरिएबलची) युक्ती फसते. झेंडा ट्रू केला, सेट केलं, झेंडा फॉल्स केला, तरी कमांड चालतेच. कारण ती सेटच्या ओळीत चालत नाही, स्केल पुन्हा रंगवला जातो तेव्हा चालते, आणि तोवर झेंडा उतरलेला असतो. तिथे आलेलं मूल्य आणि तुमच्याकडे साठवलेलं मूल्य यांची तुलना करा. सारखी असतील तर काही करू नका. वेबवर हा प्रश्नच येत नाही, स्क्रिप्टने मूल्य बदललं तर इनपुट इव्हेंट सुटत नाही. क्यूटी क्विकमध्ये मूव्ह्ड हा सिग्नल फक्त वापरणाऱ्याच्या हालचालीला येतो.

११. २० ते २०,००० हर्ट्झचा स्लायडर केला, पण खालच्या फ्रीक्वेन्सी सगळ्या डाव्या कोपऱ्यात चेंगरल्या आहेत.

सरळ रेषेत मोजल्यावर तसंच होणार: पट्टीच्या मध्यावर १०,०१० हर्ट्झ येतात. कानाला फ्रीक्वेन्सीची पट कळते, वजाबाकी नाही. म्हणून स्लायडर ० ते १००० ठेवा आणि फ्रीक्वेन्सी अशी काढा: २० गुणिले १००० चा (जागा ÷ १०००) वा घात. आता मध्यावर सुमारे ६३२ हर्ट्झ येतात आणि प्रत्येक पायरी मागच्यापेक्षा सुमारे ०.७ टक्के मोठी असते. उलट जाताना फ्रीक्वेन्सीला २० ने भागा, दहाच्या पायाचा लॉग घ्या, ३ ने भागा, १००० ने गुणा आणि गोल करा. खालची मर्यादा ० असेल तर हे सूत्र चालत नाही. ० ची जागा वेगळी राखून ठेवावी लागते.

१२. प्रश्न ११ मधल्या स्लायडरशेजारी स्पिनबॉक्स (आकडा थेट लिहायचा चौकोन) आहे. त्यात ४४० लिहिलं की ते आपोआप ४३८.६ होतं!

वरच्याच सूत्राने हिशेब करू. ४४० ची जागा येते ४४७.५ च्या किंचित खाली. स्लायडर पूर्णांकच ठेवतो, म्हणून ४४७. आता ४४७ वरून परत फ्रीक्वेन्सी काढली की ४३८.६ मिळते. तुमची साखळी अशी आहे: स्पिनबॉक्स स्लायडरला सांगतो, स्लायडर बदलल्याचं ओरडतो, आणि ते ऐकून तुम्ही स्पिनबॉक्समध्ये गोल झालेला आकडा परत लिहिता.

पायऱ्या १००० च्या १०,००० केल्या तर चूक लहान होते, जात नाही. खरं मूल्य स्लायडरमध्ये ठेवूच नका. ते वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. स्लायडर आणि स्पिनबॉक्स दोघंही त्या व्हेरिएबलला नवं मूल्य कळवतात, आणि ज्याने कळवलं त्याला सोडून दुसऱ्याला सिग्नल दाबून (प्रश्न १०) ताजं केलं जातं. फाइलमध्ये सेव्ह करताना, गणित करताना आणि पूर्ववत करताना वाचायचं ते व्हेरिएबल. स्लायडर फक्त जागा दाखवतो. दशांश स्पिनबॉक्समध्ये ०.१२७ लिहिलं की ०.१३ होण्याची तक्रारही हीच.

१३. माऊस जरासा हलवला तरी आकडा ५५ ने उडी मारतो.

स्लायडर २०० पिक्सेल रुंद आहे आणि हँडल २० पिक्सेलचं, तर हँडलला सरकायला १८० पिक्सेल उरतात. रेंज ० ते १०,००० असेल तर एका पिक्सेलला सुमारे ५५.६ एकक. मधले आकडे माऊसने मिळूच शकत नाहीत. स्लायडर रुंद करा, रेंज लहान करा, किंवा अचूक आकड्यासाठी शेजारी स्पिनबॉक्स द्या. रेंज पिक्सेलपेक्षा बरीच मोठी असेल तर स्पिनबॉक्स हवाच.

१४. सेटिंगचं पान चाकाने खाली सरकवताना वाटेतले स्लायडर बदलतात.

क्यूटीचा स्लायडर फोकस (कळफलकाचा रोख त्याच्यावर) नसतानाही चाकाचा इव्हेंट गिळतो, आणि चाकाच्या एका खाचेला सहसा तीन सिंगल स्टेप सरकतो. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. सेट-फोकस-पॉलिसीला स्ट्राँग-फोकस द्या आणि व्हील-इव्हेंट नव्याने लिहा: फोकस नसेल तर इव्हेंटला इग्नोर म्हणा, असेल तर मूळ वर्गाकडे द्या. इग्नोर म्हटल्याशिवाय नुसतं रिटर्न केलं तर स्लायडर हलत नाही, पण पानही सरकत नाही.

१५. खुणा दिसत नाहीत.

क्यूटीत सेट-टिक-पोझिशन दिल्याशिवाय खुणा येत नाहीत. टिक-इंटरव्हल हे अंतर मूल्यात असतं, पिक्सेलमध्ये नाही. स्विंगमध्ये अंतर देऊनही सेट-पेंट-टिक्स ट्रू करावं लागतं. क्यूटी विजेट्समध्ये खुणांखालचे आकडे मिळत नाहीत, ते स्वतः रंगवावे लागतात. स्टाइलशीट लावल्यावर खुणा गेल्या असतील तर पुढचा प्रश्न पाहा.

१६. स्टाइलशीटमध्ये गोल हँडल केलं, पण ते चौकोनी किंवा कापलेलं येतं.

मापं एकमेकांना बांधलेली आहेत. हँडलची उंची तुम्ही देता ती नसते. ती ग्रूव्हच्या (हँडल ज्यावर सरकतं त्या पट्टीच्या) उंचीवरून आणि हँडलच्या ऋण मार्जिनवरून ठरते. ग्रूव्ह ६ पिक्सेल उंच, हँडलचं मार्जिन वर-खाली उणे ६, म्हणजे एकूण उंची १८. रुंदीत मात्र बॉर्डर धरलेली नसते: १ पिक्सेलची बॉर्डर असेल तर रुंदी १६ लिहा, १६ अधिक २ म्हणजे १८. बॉर्डर-रेडियस ९. रेडियस अर्ध्यापेक्षा जास्त, म्हणजे १० लिहिलात, तर गोलाई जाते आणि चौकोन दिसतो. वरून-खालून कापलं जात असेल तर स्लायडरची किमान उंची २२ करा.

ग्रूव्ह आणि हँडल दोन्ही लिहा. एकच लिहिलं की उरलेला भाग विचित्र दिसतो. स्टाइल केलेल्या स्लायडरच्या खुणा बऱ्याचदा गायब होतात. त्या हव्याच असतील तर पेंट-इव्हेंटमध्ये काढा.

१७. कमाल १०० आहे, पण जीटीकेत स्लायडर ९० लाच थांबतो.

अ‍ॅडजस्टमेंटमधला (स्केलची किमान, कमाल, पायरी जिथे साठवतात तिथला) पेज-साइज १० आहे. तो स्क्रोलबारसाठी असतो आणि कमाल मूल्यातून वजा होतो. स्केलसाठी तो ० हवा. पेज-इन्क्रिमेंट वेगळं, ते १० राहू द्या. नावं जवळजवळ लागून असल्याने हमखास गल्लत होते.

वेबवर असंच दिसलं तर पायरी तपासा. किमान ०, कमाल १००, पायरी ३० असेल तर शेवटचा थांबा ९०. पायऱ्या किमान मूल्यापासून मोजल्या जातात, म्हणून किमान १ आणि पायरी १० असेल तर १, ११, २१ असे थांबे येतात.

१८. उभ्या स्लायडरमध्ये कमाल वर की खाली?

क्यूटीत वर. टीकेइंटर आणि जीटीकेत खाली. क्यूटीत उलटायला सेट-इन्व्हर्टेड-अपीअरन्स, जीटीकेत इन्व्हर्टेड, टीकेइंटरमध्ये फ्रॉम आणि टू यांची अदलाबदल. क्यूटीत दिसणं उलटलं तरी कळा आणि चाक उलटत नाहीत. त्यासाठी सेट-इन्व्हर्टेड-कंट्रोल्स वेगळं आहे. उर्दू किंवा अरबी इंटरफेसमध्ये आडवा स्लायडर आपोआप उजवीकडून सुरू होतो. व्हिडिओच्या पट्टीला ते नको असेल तर तेवढ्या विजेटला डावी-ते-उजवी मांडणी द्या.

१९. किमान आणि कमाल अशी दोन हँडलं हवी आहेत.

क्यूटी विजेट्समध्ये असा तयार स्लायडर नाही. क्यूटी क्विक आणि फ्लटरमध्ये रेंज-स्लायडर आहे. स्वतः बनवत असाल तर दोन्ही हँडलं कमाल टोकाला एकावर एक आली की वर असलेलं कोणतं ते तपासा. वरचं हँडल "कमाल"चं असेल तर ते पुढे सरकत नाही, खालचं पकडता येत नाही, सगळंच अडकतं. टोकाला पोचल्यावर "किमान"चं हँडल वर आणा.

२०. व्हिडिओचा स्लायडर ओढताना हँडल सारखं मागे पळतं. शिवाय लांब फाइलींत आकडा उणे येतो.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लेअर दर थोड्या वेळाने चालू जागा कळवतो आणि तुम्ही ती स्लायडरला लावता, त्याच वेळी हातही ओढत असतो. लावण्याआधी इज-स्लायडर-डाउन विचारा. हँडल दाबलेलं असेल तर लावू नका.

उणे आकडा म्हणजे पूर्णांक भरून वाहिला. क्यूटीचा स्लायडर ३२ बिटांचा आहे, कमाल २,१४७,४८३,६४७. मिलिसेकंदांत ते २४ दिवसांहून जास्त पुरतं, पण मायक्रोसेकंद टाकलेत तर ३५ मिनिटं ४७ सेकंदांनंतर गडबड सुरू होते. छोट्या नमुना फाइलींवर हे कधीच दिसत नाही. भागून मिलिसेकंद करा. फाइलमधली जागा बाइटमध्ये दाखवत असाल तर २ जीबीच्या आसपास हेच होतं.

२१. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी काय करावं लागतं?

स्लायडरला नाव द्या: क्यूटीत सेट-अ‍ॅक्सेसिबल-नेम, किंवा लेबलला सेट-बडी. जागा आणि मूल्य वेगळी असतील (प्रश्न ११) तर रीडर "४४७" वाचतो, ज्याला काहीच अर्थ नसतो. वेबवर आरिया-व्हॅल्यूटेक्स्टमध्ये "४४० हर्ट्झ" द्या. क्यूटीत शेजारचा स्पिनबॉक्स हाच सोपा उपाय. डब्ल्यूसीएजी २.२ (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे नियम, २०२३) प्रमाणे जे ओढून करता येतं ते न ओढताही, साध्या क्लिकने करता आलं पाहिजे, आणि क्लिकची जागा किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल हवी. स्वतः रंगवलेल्या स्लायडरमध्ये होम, एंड, पेज-अप आणि पेज-डाउन या कळा आवर्जून तपासा.